छातीवर हात

"बॅग तू धर," शिकलगार म्हणाला. "मी चालवतो, कुलगोड तुला मागनं धरंल."

त्या वेळी माझ्या छातीत कुणीतरी ओला टॉवेल पिळत होतं. कळ डाव्या हातातून उतरत करंगळीपर्यंत गेली होती, जबडा जड झाला होता आणि शर्ट पाठीला चिकटला होता. तरी मी बॅग घेतली. उमेदीची सगळी वर्षं औषध कंपनीत काढलेल्या माणसापुढे बॅग केली, की तो ती घेतो. शेवटच्या घटका मोजत असला तरी घेतो, आणि वर तिची चेन नीट लागलीय का तेही बघतो.

स्कूटरवर पुढे दिलावर शिकलगार, मध्ये मी, मागे अरविंद कुलगोड. बॅग माझ्या मांडीवर, म्हणजे शिकलगारची पाठ आणि माझी छाती यांच्या मधे. विश्रामबागेपासून सांगलीच्या गावभागापर्यंत रस्त्यात जेवढे खड्डे होते, ते आधी बॅगेला कळत होते आणि मग मला.

आम्ही तिघं सुश्रेय लॅबोरेटरीज नावाच्या कंपनीत एमआर होतो. म्हणजे डॉक्टरांकडे जायचं, उभं राहायचं, आणि आमच्याच कंपनीचं औषध लिहा म्हणून हसतमुखानं विनवायचं. पुढे ती कंपनी एका मोठ्या कंपनीनं गिळली आणि आम्हाला पन्नाशीच्या तोंडावर एकेक भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं. निरोपाच्या भाषणात मोठे साहेब म्हणाले, "तुम्ही कंपनी सोडताय, कुटुंब नाही." ते अक्षरशः खरं निघालं. त्यानंतर आम्ही कुटुंबातल्या माणसांसारखेच एकमेकांच्या जिवावर जगलो.

नोकरी सुटलेला एमआर पुढे काय करतो, असं लोक विचारतात. तो विकतो. त्याला दुसरं काही येत नाही. आणि गिऱ्हाईक म्हणून त्याला पहिले आठवतात ते जुने सहकारी, कारण तोंडावर नाही म्हणायची त्यांनाही सवय नसते. मी पाणी शुद्ध करायच्या मशीनची एजन्सी घेतली आणि पहिली दोन मशीन या दोघांच्या स्वैपाकघरात बसवली. कुलगोडनं विम्याचं काम धरलं आणि आमचे दोघांचे आरोग्य विमे उतरवले. शिकलगारनं तर स्वतःची औषध कंपनीच काढली. गोळ्या कुठल्या तरी कारखान्यात बनायच्या, पाकिटावर छापायचं 'शिकलगार रेमेडीज', आणि मालक, मॅनेजर, एमआर सगळं तोच. त्याची पित्तावरची गोळी आम्ही पित्त नसताना खायचो. दर गुरुवारी संध्याकाळी विश्रामबागेतल्या एका हॉटेलात बसायचं आणि एकमेकांच्या मालाबद्दल तक्रारी करायच्या, असा आमचा क्रम होता. सुखाचे दिवस होते.

त्या गुरुवारी मी बशीत चहा ओतला आणि मला बशी उचलता येईना.

"काय झालं रे?" कुलगोडनं विचारलं.

"छातीत दुखतंय."

शिकलगारनं हातातलं बिस्किट खाली ठेवलं. "डाव्या हातात जातंय?"

"हो."

"जबडा?"

"हो."

"घाम दिसतोयच." असं म्हणताना त्याच्या डोळ्यांत एकदम चमक आली. पाणीच आलं असावं असं मला वाटलं. आपल्यासाठी एवढा कळवळणारा माणूस जगात आहे, याचं त्या कळेतही बरं वाटलं. "हार्ट आहे," तो म्हणाला. "पुस्तकात देतात तशी केस आहे मर्दा."

"गॅस आहे," कुलगोड म्हणाला.

"अरे, हार्ट आहे."

"गॅसच आहे! पॉलिसीचं पहिलं वर्ष आहे त्याचं. आत्ता हार्ट निघालं तर जुनंच दुखणं होतं म्हणून कंपनी हात वर करंल. आवटी, जरा कळ काढ. कुणी विचारलं तर गॅस म्हण."

हॉटेलच्या बरोबर समोर, रस्ता ओलांडला की हृदयरोगाचं नवंकोरं हॉस्पिटल होतं. त्याच्या दारावर लाल दिव्यांचं हृदय लावलेलं होतं आणि ते सारखं धडधडत होतं, माझ्यापेक्षा नियमित. मी तिकडे बोट केलं.

"तिथं? तिथं आपल्याला कोण कुत्रं ओळखतंय?" शिकलगार म्हणाला. "इथं फॉर्म भर, तिथं सही कर, तवर तू गेलास. कोरे सरांकडं जाऊ. आपला माणूस."

कुलगोडलाही ते पटलं. "तिथं पाऊल टाकलं की कॉम्प्युटरवर पयलं 'हार्ट' लिहितात. कोरे सरांना सांगता तरी येईल."

दोनास एक मतानं ठराव मंजूर झाला. माझं मत हॉस्पिटलच्या बाजूनं पडलं होतं, पण मी अल्पमतात होतो.

कोरे सरांचा दवाखाना गावभागात, पहिल्या मजल्यावर. जिना संपला की उजवीकडे पेशंटची बाकं आणि डावीकडे भिंत. भिंत एमआर लोकांची. एमआरनं पेशंटच्या बाकावर कधीही टेकायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. ताप असो, पाय सुजलेले असोत, बाकं रिकामी असोत, आपण भिंतीला उभं राहायचं आणि कुणी बघितलं की हसायचं. त्या भिंतीवर खांद्याच्या उंचीला तेलकट काळा पट्टा पडला होता. त्यात माझाही वाटा होता.

मी बॅग घेऊन जिना चढलो आणि सरळ जाऊन त्या पट्ट्याला पाठ लावून उभा राहिलो.

"बाकावर बस की," कुलगोड कानात म्हणाला.

बाकावरची एक म्हातारी बाजूला सरकली. "बसा दादा. रंग उडालाय तुमचा."

"नको नको मावशी, तुम्ही बसा," मी म्हणालो आणि हसलो. बसायची फार इच्छा होती. गुडघे वाकेनात. डाव्या हातात बॅग होती आणि उजवा हात मोकळा ठेवला होता, न जाणो सर बाहेर आलेच तर नमस्कार करायला.

"अगंबाई, आवटी!" टेबलामागून सरोजबाई म्हणाल्या. दवाखाना उघडला तेव्हापासून नंबर लावायचं काम त्यांच्याकडे होतं. "किती वर्षांनी! पण आज गुरुवार. एमआर बुधवारी."

"मी पेशंट आहे, सरोजबाई. छातीत दुखतंय."

सरोजबाई गालात हसल्या. "होय होय. आणि पेशंट बॅग घेऊन आलाय."

"बॅग याची आहे," म्हणून मी वळलो. शिकलगार दोन पायऱ्या खाली अंधारात, कुणाला दिसणार नाही असा उभा होता. माझे हाल त्याला बघवत नसावेत, असं मला वाटलं.

सरोजबाईंना बोल लावण्यात अर्थ नव्हता. सुश्रेयनं एकदा छातीच्या कळेवरची 'अँजिशांत' नावाची गोळी बाजारात आणली होती. मुंबईच्या साहेबांनी तिच्यासाठी नामी युक्ती काढली. प्रत्येक एमआरनं डॉक्टरकडे पेशंट म्हणून नंबर लावायचा, फी भरायची, छातीवर हात ठेवून कण्हत आत जायचं, आणि डॉक्टरनं घाबरून स्टेथोस्कोप उचलला की ताठ उभं राहून म्हणायचं, "सर, अशा पेशंटला तुम्ही काय लिहाल? अँजिशांत!" पुष्कळ डॉक्टरांनी पुष्कळ एमआरना त्या आठवड्यात जिन्यावरून खाली घातलं. पण कोरे सर दिलखुलास माणूस. मी आत जाऊन असा काही कोसळलो, की सर टेबलाला वळसा घालून धावत आले, मला मिठीत धरलं आणि "सरोज, ऑक्सिजन!" म्हणून ओरडले. सरोजबाई नळकांडं ओढत आत आल्या तेव्हा मी ताठ उभा राहून अँजिशांतचं नाव घेत होतो. सर आधी पांढरेफटक पडले आणि मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. पुढे कित्येक वर्षं ते हा किस्सा लग्नामुंजीत सांगायचे. कंपनीनं सबंध झोनमधला उत्कृष्ट अभिनय म्हणून मला प्रेशर कुकर दिला. आमच्या घरी त्याच कुकरमध्ये भात होतो.

तेवढ्यात केबिनचं दार उघडलं. कोरे सर एका पेशंटला पोचवायला स्वतः दारापर्यंत आले होते. त्यांनी मला बघितलं. माझा मोकळा हात एव्हाना आपसूक छातीवर गेला होता.

सरांचा चेहरा फुलला.

"आवटी! अहो, अजून तेच? या, या, आत या!"

अशा रीतीनं मला नंबर न लावता आत प्रवेश मिळाला. माझ्या काखेत हात घालून कुलगोड आत आला, आणि दार लागायच्या आत, कुठून कोण जाणे, शिकलगार.

टेबलाच्या बाजूला पेशंटसाठी स्टूल होतं. मी त्याच्यावर बसलो असतो तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं. पण मी टेबलाच्या समोर, एमआरच्या जागेवर जाऊन उभा राहिलो, आणि तोंडातून निघालं, "गुड इव्हिनिंग सर." हसूसुद्धा आलं. ते माझ्या हातात नव्हतं.

"बोला, काय होतंय आमच्या पेशंटला?" सर खुर्चीत रेलून म्हणाले.

"सर, छातीत दुखतंय. खरंच."

"मागच्या वेळी 'खरंच' नव्हतं हं. सुधारणा आहे." त्यांनी पुढे वाकून निरखून बघितलं. "आणि घाम! घाम कसा आणलात हो? नळाखाली डोकं धरलंत की काय?"

"सर, गॅस आहे त्याला," कुलगोड कळवळून म्हणाला. "लिहायचंच झालं तर तेवढं गॅस लिहा."

"अरे वा! या वेळी दुसरं पात्रही आणलंय!" सर हसून हसून खोकायला लागले. "बरं, कुठली कंपनी आता?"

"माझी, सर," शिकलगार म्हणाला. त्यानं माझ्या हातातून बॅग घेतली आणि टेबलावर ठेवली.

सरांचं हसू जरा आवरलं. "शिकलगार, तुम्हाला मी सांगितलं होतं ना, या असल्या लहान कंपन्यांना माझ्याकडे वेळ नाही म्हणून? वर्षभर सरोज तुम्हाला जिन्यावरनं परत पाठवतेय."

"हो सर. म्हणून आवटीला घेऊन आलो."

समोर हॉस्पिटल असताना आम्ही अख्खी सांगली ओलांडून इथं का आलो, ते मला तेव्हा उमगलं. कळ थोडी कमी असती तर मी त्याची पाठ थोपटली असती. एमआर म्हणून सांगतो, इतका सुंदर आखलेला कॉल, आमच्या भाषेत डॉक्टरची भेट, मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

सर पुन्हा हसले. त्यांना ते आवडलं. "दोन मिनिटं," ते म्हणाले. "आवटींच्या नाटकासाठी. बोला."

शिकलगारनं बॅगेतून चकचकीत कार्ड काढून माझ्या आणि सरांच्या मधे धरलं. कार्डावर एक माणूस छातीवर हात ठेवून उभा होता. "सर, दिलासा फाइव्ह. छातीच्या कळेवर जिभेखाली ठेवायची गोळी. समजा सर, असा एक पेशंट तुमच्यासमोर आलाय. वय चोपन्न. डाव्या हातात कळ, जबडा जड, दरदरून घाम..."

कुठल्याही डॉक्टरनं इतकं अचूक निदान केलं नसतं. तो एकेक लक्षण म्हणत होता आणि कार्डावरच्या चित्राऐवजी माझ्याकडे बोट करत होता.

"थांबा," सर म्हणाले. "जिभेखालच्या गोळ्या ढिगानं आहेत. तुमची लवकर विरघळते कशावरून?"

शिकलगार अडखळला. त्याचं या प्रश्नाचं पाठांतर नव्हतं. मला मात्र जुनी खोड स्वस्थ बसू देईना. "सर," मी म्हणालो, आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता, "बारीक कणांची असते सर. लाळ लागली की... फुटते."

"वा!" सर म्हणाले.

"दाखवतोच सर," शिकलगारला धीर आला. त्यानं सॅम्पलची पट्टी फोडली. "आवटी, जीभ उचल."

मी जीभ उचलली.

सर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. शिकलगार माझ्या तोंडाकडे. कुलगोड कोऱ्या केसपेपरकडे, त्यावर काही लिहिलं तर जात नाही ना म्हणून. थोड्या वेळानं गोळी विरघळली. "विरघळली सर," मी कळवलं. आणि मग माझ्या डोक्यावरचा पंखा हळूहळू खाली यायला लागला. टेबल उजवीकडे कललं. त्याला धरावं म्हणून मी हात घातला, सरांचं पेनस्टँड खाली गेलं आणि त्याच्या मागोमाग मी.

कोरे सरांनी टाळ्या वाजवल्या.

"मागच्यापेक्षा फक्कड!" मला खालून ऐकू येत होतं. "उठा, आवटी, उठा. आता नाव घ्या गोळीचं." ते टेबलाला वळसा घालून आले आणि मला उठवायला त्यांनी मनगट धरलं. हसणं मधेच तुटलं. दुसऱ्या हातानं त्यांनी माझी मान चाचपली.

"सरोज!" ते ओरडले. "ऑक्सिजन!"

बाहेरून सरोजबाईंचा खळखळून हसण्याचा आवाज आला. "परत फसलात की सर!"

"अगं, खरा आहे! सरोज!"

"मागच्या वेळी पण खराच होता!"

शेवटी नळकांडं सरांनीच ओढत आणलं. पुढचं मला तुटक तुटक आठवतं. छातीवर चिकटवलेल्या गार वाट्या, दंडात सुई, सरांचा थरथरणारा आवाज. आणि त्या सगळ्यावर शिकलगारचा आवाज, शांत, समजावणीचा: "सर, मी तेच सांगत होतो. बघा, असाच पेशंट." आणि माझ्या उशाशी कुलगोड: "आवटी, शुद्धीवर आलास तर ध्यानात ठेव. गॅस."

अँब्युलन्सनं मला विश्रामबागेतल्या त्याच हॉस्पिटलात नेलं, लाल दिव्यांच्या हृदयाखालून. कुलगोडनं नंतर सांगितलं, की समोरच्या हॉटेलात माझी बशी अजून टेबलावर तशीच होती.

मी वाचलो, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. दोन स्टेंट बसल्या. शुद्ध आल्यावर कोरे सर भेटायला आले. आठवड्यात ते दहा वर्षांनी म्हातारे दिसायला लागले होते. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "त्या गोळीनं निभावलं म्हणायचं." खरं बघता त्या गोळीनं माझं ब्लड प्रेशर तळाला नेऊन मला आडवं केलं होतं. पण आडवा झालो म्हणून सरांनी नाडी धरली, तेव्हा तिचा उपयोग झाला हे मान्य करायला हवं. सरांच्या मनाला काहीतरी भरपाई करायची होती. माझ्याकडे त्यांना नीट बघवेना, म्हणून त्यांनी ती शिकलगारला केली. छातीवर हात ठेवून जो कुणी येईल त्याला दिलासा फाइव्ह. त्यांचं बघून बाकीचे डॉक्टर लिहायला लागले. शिकलगारनं पुढच्या दिवाळीत गाडी घेतली. पहिली चक्कर मला मारून आणली. बॅग धरायला लावली नाही.

कुलगोडनं माझ्या क्लेमसाठी खरोखर धावपळ केली. विमा कंपनीचा माणूस चौकशीला कोरे सरांकडे गेला आणि त्यानं विचारलं, याआधी पेशंटला छातीत दुखल्याचं तुम्ही कधी पाहिलंय का? सर सत्यवचनी. खोटं बोलायचं त्यांच्या जिवावर येई, आणि त्या दिवसापासून तर जास्तच. म्हणाले, "हो. काही वर्षांपूर्वी. माझ्यासमोरच कोसळले होते." पुढे ते नाटक होतं असंही म्हणाले, पण तेवढं त्या माणसाला महत्त्वाचं वाटलं नाही. जुनं दुखणं ठरलं. क्लेम गेला.

"मी सांगत होतो, गॅस म्हण," कुलगोड मला म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. या वेळी नक्की पाणीच होतं. हॉस्पिटलच्या बिलापायी मला पाण्याच्या मशीनची एजन्सी विकावी लागली, ती त्यानंच घेतली, पडत्या भावात, जुना सहकारी म्हणून. आणि सवलत म्हणून मला नवी पॉलिसी दिली. "या पॉलिसीत हार्टसुद्धा बसतं," म्हणाला. "फक्त पयलं वर्ष सांभाळ."

त्याच वर्षी शिकलगार रेमेडीजची पहिली मोठी मीटिंग झाली. मिरजेच्या एका हॉटेलात, एसी हॉलमध्ये, स्टेजवर हार-तुरे, आणि खुर्च्यांवर टाय लावलेली तरुण एमआर पोरं. शिकलगारनं गाडी पाठवून मला नेलं. स्टेजवर बसवलं, शाल घातली आणि माइकवर म्हणाला, "ज्यांच्यामुळे आज ही कंपनी उभी आहे, ते आमचे आवटीसाहेब." पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझं मन भरून आलं.

"आता आवटीसाहेब तुम्हाला दिलासाचा ओरिजिनल कॉल करून दाखवतील," तो म्हणाला आणि स्टेजच्या मध्यभागी डॉक्टरची खुर्ची ओढून तिच्यात बसला.

मी उठलो. नाही म्हणायची सवय मला कधीच नव्हती. छातीवर हात ठेवला, कण्हलो, टेबल धरल्यासारखं केलं. पोरं खूश झाली. शिकलगारनं हात वर करून त्यांना गप्प केलं.

"आवटी," तो म्हणाला, आमचे मोठे साहेब बोलायचे त्याच सुरात, "घाम कुठाय? त्या दिवशी घाम होता. परत घे."

मी परत घेतलं.

"पोरांनी काय शिकायचं यातनं? चेहरा बघ तुझा. परत."

चौथ्या वेळी घाम आला. कपाळावर आला, मानेवर आला, शाल पाठीला चिकटली. डावा हात बॅग धरल्यासारखा जड झाला. पोरं उठून उभी राहिली आणि टाळ्या थांबेचनात. कुणीतरी रंगीत कागदात बांधलेला खोका माझ्या हातात दिला. आकारावरून कुकर होता.

पहिल्या रांगेत कुलगोड बसला होता. तो एकटाच टाळ्या वाजवत नव्हता. पांढराफटक पडून माझ्याकडे बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते. गलक्यात मला ऐकू काहीच आलं नाही. पण तो काय म्हणत होता ते मला नीट कळलं.

"गॅस म्हण, आवटी. गॅस म्हण."